औषधातील निषिद्ध अंश आणि आपद्धर्माची मर्यादा

जठराच्या मागे आडवी असलेली स्वादुपिंड ही ग्रंथी इन्शुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडते आणि अन्नाचे विघटन करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, लहान आतड्यात पाठवते. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात, कर्करोगात किंवा शस्त्रक्रियेने ग्रंथीचा मोठा भाग काढल्यावर हे दुसरे काम मंदावते, आणि स्निग्ध पदार्थ पचवणारे लायपेज अपुरे पडू लागले की रुग्ण जेवतो, पण जेवलेले अंगी लागत नाही. अ, ड, ई आणि के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे शौचावाटे निघून जातात, आणि जेवणानंतर उठणाऱ्या पोटदुखीच्या धास्तीने तो जेवणच कमी करत जातो. असा माणूस रुग्णालयात येतो तेव्हा त्याचे स्नायू बऱ्याचदा झडलेले असतात आणि संसर्गाला तोंड देण्याची शक्ती ओसरलेली असते.

यावरचा प्रस्थापित उपचार विकरांच्या कॅप्सूलचा आहे. मुख्य जेवणासोबत लायपेजची सुमारे ४०,००० ते ५०,००० एकके आणि मधल्या खाण्यासोबत त्याच्या निम्मी, असे प्रमाण साधारणपणे सुचवले जाते. ही विकरे प्रायः डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात आणि त्यांच्या तोडीचा शाकाहारी पर्याय अजून रूढ झालेला नाही. ज्याला डुक्कर निषिद्ध आहे असा मुसलमान किंवा यहुदी, आणि ज्याला मांसमात्र वर्ज्य आहे असा जैन किंवा माळकरी वारकरी, यांच्यासमोर त्यामुळे धर्माचा खरा प्रश्न उभा राहतो.

प्राणसंकटात निषिद्ध वस्तू घेण्याची मुभा बहुतेक परंपरा देतात. कुराणाने निरुपायाने, आणि मर्यादा न ओलांडता, खाणाऱ्याला दोषमुक्त ठरवले आहे. यहुदी धर्मशास्त्रात जीवरक्षणासाठी बहुतेक सर्व निर्बंध बाजूला ठेवता येतात. आणि महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे, म्हणजे संकटकाळी लागू होणाऱ्या वेगळ्या आचाराचे, स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र या विचारांसमोर मुख्यतः दुष्काळासारखे येऊन जाणारे संकट असते. स्वादुपिंडाचा रुग्ण ही कॅप्सूल आयुष्यभर, प्रत्येक जेवणासोबत घेणार असतो, आणि जन्मभर टिकणाऱ्या आपत्तीला आपत्ती म्हणावे की नाही, हाच येथील अवघड प्रश्न आहे.

छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा या प्रश्नाला थेट भिडते. कुरुदेशात गारपिटीने पिके गेली असता उषस्तीने एका माहुताचे उष्टे कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य, मागून खाल्ले. पण माहुताने उष्टे पाणी देऊ केले तेव्हा ते नाकारले, कारण कुल्माष न खाता जगणे शक्य नव्हते, पाणी मात्र हवे तेथे मिळत होते. दुसऱ्या दिवशी राजाच्या यज्ञाला जाण्याचे बळ यावे म्हणून त्याने उरलेले शिळे कुल्माषही खाल्ले. येथे मुभेचे माप काळाने ठरलेले नाही. दुसरा मार्ग आहे की नाही यावर ते ठरले आहे, आणि ते प्रत्येक वस्तूपुरते वेगळे आहे. शिवाय नुसता श्वास चालू राहण्याइतकेच उठून कामाला लागण्याचे बळही त्यात गरज म्हणून धरलेले दिसते, आणि कुपोषित रुग्णाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे.

हाच निकष लावला तर रुग्णालयात नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने अंशतः विघटित केलेला, आणि म्हणून विकरांवाचूनही बराचसा शोषला जाणारा, आहार देता येतो तोवर कॅप्सूल ही अनिवार्य गरज ठरत नाही. पण नळीवर कोणी जन्म काढू शकत नाही, आणि तोंडाने जेवण सुरू झाले की गरज पुन्हा उभी राहते. तूप-तेल सोडून देणे हा पर्याय सात्त्विक वाटतो, परंतु त्याने उष्मांक घटतात आणि कुपोषण अधिकच वाढते, म्हणून त्याला उषस्तीच्या पाण्याची जागा देता येत नाही.

हा निर्णय रुग्णाचा आहे, आणि कॅप्सूलचे मूळ त्याच्यापासून लपवले तर त्याच्या हातून तो काढून घेतला जातो. उपचार मोडू नये या सद्हेतूने केलेली लपवणूकही अन्यायच आहे, कारण व्रत पाळणे किंवा शिथिल करणे ही दोन्ही कर्मे जाणतेपणीच घडू शकतात. सर्व समजून घेऊनही जो नकार देतो त्याच्या पोषणाची जबाबदारी वैद्यावर तितकीच राहते. तेव्हा दिवसातून अनेकदा थोडे थोडे जेवण, लायपेजची फारशी गरज नसलेली मध्यम साखळीची स्निग्धे, जीवनसत्त्वांची भर आणि वजनाची नियमित नोंद यांचा अवलंब करावा लागतो.