ताटातली वजाबाकी

दर वाढले की स्वयंपाक लगेच बदलत नाही. आधी बाईचा हात बदलतो. फोडणीला तेलाची पळी अर्धीच भरते, भाजीवर शेंगदाण्याचं कूट बेताने पडतं, आमटीत पाणी थोडं जास्त जातं. पदार्थांची नावं तीच राहतात, म्हणून जेवणाऱ्यांना बदल झाल्याचं कळतही नाही.

२०१५ मध्ये पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला आणि तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. घरोघरी तुरीत मसूर मिसळली, आठवड्यातल्या एखाद्या रात्री वरणाऐवजी पिठलं आलं. पुढे डाळीचा भाव उतरला. हात मात्र आखडलेलाच राहिला. भाव खाली येतात. धास्ती इतक्या सहज उतरत नाही.

महागाईत शेतकऱ्याचं तरी भलं होत असेल, असं शहराला वाटतं. विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी हंगामात तूर विकून मोकळा होतो आणि उन्हाळ्यात डाळ विकत आणतो. पिकवणाराही अखेर गिऱ्हाईकच असतो.

देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. इकडे रविवारच्या पुऱ्या सणावारावर गेल्या. आपल्या कढईवर किती दूरची माणसं हुकूम चालवतात, हे तेल महाग झाल्यावरच उमगतं.

काटकसर आणि कपात यांतली रेघ ओळखायला हवी. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोने शंभरी ओलांडली, तेव्हा जिने बरणीतलं आमसूल काढलं तिने चव राखली आणि पैसेही वाचवले. ती काटकसर. मुलाच्या दुधाचा पेला अर्ध्यावर येतो, ती कपात. आंबटाला दुसरं आंबट मिळतं. वाढत्या अंगाला दुधाऐवजी चहा चालत नाही.

बहुतेक पात्र कुटुंबांना रेशनवर दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळतं. २०२३ पासून तेही मोफत. चूल पेटती राहते, हे लहान काम नव्हे. पण डाळ, तेल, भाजी, अंडी दुकानातूनच आणावी लागतात. म्हणून ताटातला भात वाढत जातो आणि त्यावरचं कालवण कमी होत जातं. उपाशी कुणी झोपत नाही, पण खाल्लेलं अंगीही लागत नाही.

पाहुणचारही आक्रसतो. दारातल्या माणसाला चहा अजून विचारला जातो. ‘जेवूनच जा’ म्हणताना जीभ क्षणभर अडते. गरिबीपेक्षा ही अडखळ माणसाला जास्त लागते.

दुकानातला दर सगळ्यांना एक. त्याची झळ मात्र एका घरातसुद्धा सारखी बसत नाही. मुलांना आधी, कमावत्याला पोटभर, म्हाताऱ्यांना मऊसूत. रांधणारीला पातेल्याच्या बुडाशी उरेल ते. ‘मला आज भूकच नाही’ असं ती म्हणते आणि घर त्यावर विश्वास ठेवतं, कारण तो ठेवणं सोयीचं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. सगळ्यांत शेवटी वाढलेलं ताट त्यांत नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

सत्तरच्या दशकातल्या टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत मुंबईतल्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरोघरी एकेकटीने सोसायची ओढाताण त्यांनी सरकारच्या दारात नेली. त्यागाचं कौतुक पुष्कळ होतं. त्याचा हिशेब मागायला धैर्य लागतं.

भाव आवरणं सरकारचं काम आहे, आणि रेशनवर धान्याबरोबर डाळही नियमित मिळावी, ही मागणी लावून धरायला हवी. घरातलं वाटप मात्र आजच आपल्या हाती आहे. रांधणारीचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जावं, तिने सगळ्यांबरोबर जेवायला बसावं. वरण पातळ करावं लागलंच, तर ते प्रत्येकाच्या वाटीत सारखंच पातळ असावं.