प्रणाली म्हणजे पाण्याची वाट

'आमच्या प्रणालीत हे बसत नाही,' हे वाक्य हल्ली दिंडीत, फडात फार ऐकू येते. एखादा नवा पोर 'वीणा धरू का' म्हणाला, की हे उत्तर तयार! म्हणून म्हटले, भाविकहो, हा शब्द एकदा उघडून पाहू.

'नाल' म्हणजे पोकळ देठ, कमळाला असतो तसा. त्याला 'प्र' लागला, 'न'चा 'ण' झाला, आणि प्रणाल, प्रणाली हे शब्द सिद्ध झाले. अमरसिंहाने कोशात प्रणाली घातली आहे ती वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या शब्दांत. अर्थ दिला आहे पाणी जाण्याची वाट. पद्धत, नियम हा अर्थ मागाहून आला. शिवालयात अभिषेकाचे पाणी बाहेर नेते तेही प्रणालच. ते ओलांडू नये म्हणून आपण प्रदक्षिणा अर्ध्यातून परत फिरवतो. मराठीत हाच शब्द झिजून 'पन्हळ' झाला नि कौलांच्या वळचणीला जाऊन बसला. शिकल्यासवरल्यांनी शासनप्रणाली, कार्यप्रणाली केली; पाणी बिचारे पन्हळीकडेच राहिले!

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम ह्या नद्यांना बंधारे घालून पाटाने शेते भिजवण्याची जुनी रीत आहे. तिचेही नाव फडच. (आपला फड निराळा, पण शब्द कसा जुळला पाहा.) तिथे पाणी फिरवणारा तो पाटकरी. पाटकरी काही पाण्याचा धनी नव्हे. शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर पाट किती पिढ्यांचा आहे हे सांगून त्याची सुटका होईल का?

माउलींनी ज्ञानेश्वरीत (शके १२१२), बाराव्या अध्यायात, माळ्याचा नि पाण्याचा दृष्टांत दिला आहे. ज्याने बागेत दारे धरली, त्याला तो फोड करून सांगावा लागत नाही. कर्माचा अभिमान टाकावा, हे तिथले सांगणे. पण लक्षात घ्या, निमूटपणा आहे तो पाण्याला. माळी फावडे घेऊन उभाच असतो. एका वाफ्याचे तोंड बुजवतो, पुढच्याचे फोडतो.

तेव्हा त्या पोराला विचारावे: गळ्यात माळ आहे का? एकादशी धरतोस का? पाठांतर किती? हे पाटाचे काठ आहेत. काठ नसले तर पाणी रानभर जिरून जाते, हे आम्हीही जाणतो. एवढे असेल, तर नुसत्या 'प्रणाली' शब्दाने त्याला अडवू नये. वीणा आज द्यायचा नसेल, तर पहाटे काकड्याला टाळ तरी त्याच्या हाती द्या.