रस्ता कुणाच्या बापाचा?

‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?’ हा प्रश्न पुण्याच्या चौकाचौकांत उठल्यासुटल्या विचारला जातो. इतका मूलभूत प्रश्न, पण त्याचं उत्तर द्यायला कुणी थांबलेलं मी अजून पाहिलेलं नाही. विचारणारा प्रश्न फेकून पुढे निघून जातो, आणि ज्याला विचारला तो उत्तराऐवजी विचारणाऱ्याच्या आणखी दोन-तीन नातेवाइकांची चौकशी करतो. ग्रीक लोक चौकात उभे राहून असेच प्रश्न विचारत; त्याला जग तत्त्वज्ञान म्हणतं. आपण विचारले की त्याला ट्रॅफिक जॅम म्हणतात. सॉक्रेटिसला बिचाऱ्याला विषाचा पेला एकदाच प्यावा लागला. आपल्याला तो सिग्नलपाशी रोज थोडा थोडा मिळतो, एवढाच काय तो फरक.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध परीक्षेपुरतासुद्धा आला नाही. पण बँकेत कर्ज खात्यात बसून एक गोष्ट मला चांगली कळते. कुणीही उठून ‘ही जागा माझी’ म्हणाला की आपण लगेच मान डोलवायची नाही. आधी कागद मागायचे. पूर्वीचे मालक कोण, बोजा कुणाचा, वहिवाट कुणाची, हे सगळं बघायचं आणि मग सही करायची. तेव्हा म्हटलं, रस्त्याचाही एकदा सर्च घेऊन टाकू.

पहिली वहिवाट निर्विवादपणे पायी चालणाऱ्याची. रस्ता झालाच मुळी माणसं चालली म्हणून. मग बैलगाडी आली, टांगा आला. बैल आणि घोडे हे समजूतदार प्राणी; माणूस समोर आला तर ते आपण होऊन थांबत. त्यामुळे मालकीचा वाद कधी कोर्टात गेला नाही. खरी भानगड सुरू झाली ती यंत्र आल्यावर. इंग्लंडमध्ये १८६५ साली एक कायदा झाला. आपल्या आपण चालणाऱ्या गाडीने गावात ताशी दोन मैलांपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही, आणि तिच्या पुढे एका माणसाने लाल झेंडा घेऊन चालायचं! आज कुणी मोटारीपुढे लाल झेंडा घेऊन चालू लागला, तर लोकांना वाटेल बँक कर्मचाऱ्यांचा मोर्चा आला, आणि गल्लीबोळातून दुसरा रस्ता शोधतील. किंवा मोटार पहिल्यांदा त्या झेंडेवाल्यालाच उडवील.

वेगावरची ही बंधनं १८९६ मध्ये सैल झाली. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनला ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. पायी चालणारं माणूस मोटारीने मेल्याची इंग्लंडातली ती पहिली नोंद. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तेव्हा आशा व्यक्त केली की असं पुन्हा कधी घडू नये. चांगल्या माणसांच्या आशांचं पुढे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपल्या देशात एकट्या २०२२ सालात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत पायी चालणारी ३२,८२५. कारकुनाला आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. दिवसाला नव्वद. म्हणजे आमच्या शाखेत ऐन पगाराच्या दिवशी असते तेवढी गर्दी, रोज, फक्त पायी चालणाऱ्यांची.

असो. सर्च पुढे चालू. मोटारींच्या आधी पुण्यावर सायकलींचं राज्य होतं. पुणं हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई, आणि वडिलांच्या पिढीच्या आठवणी ऐकल्या तर त्या काळात पोलिसांना दोनच गुन्हे माहीत असावेत असं वाटतं: दिवा नसणे आणि डबलसीट नेणे. पण तेव्हाचं पुणं म्हणजे सगळे एकमेकांना ‘आधी आपण’ म्हणत होते, अशी कुणी समजूत करून घेऊ नये. तेव्हा पायी चालणारे सायकलवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते. घंटी वाजवत अंगावर येतात, उतारावर हात सोडतात, बायाबापड्यांना धडकतात! पुढे १९७२ मध्ये चेतक आली, लूना आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. स्कूटर मिळाली की कालचा सायकलस्वार आजच्या सायकलस्वाराला ‘ए, बाजूला हो’ म्हणू लागला. आमच्याकडे कारकुनाचा ऑफिसर झाला की दुसऱ्या दिवसापासून त्याला कारकून आळशी दिसायला लागतात, तसंच हे.

आता रस्त्यावर सायकली दोन प्रकारच्या उरल्या आहेत, गरजेच्या आणि हौसेच्या. गरजेच्या सायकलवर वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका. हौसेची सायकल रविवारी पहाटे निघते, आणि तिच्या नुसत्या कुलपाच्या किमतीत पहिल्या प्रकारची सेकंडहँड सायकल यावी. मधल्या काळात सायकलींसाठी वेगळे ट्रॅकही झाले. त्यांवर स्कूटरी चालतात, भाजी विकली जाते, मोटारी विश्रांती घेतात. एखादी सायकलही चुकून दिसते. २०१७ च्या अखेरीला भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, दोन पावसाळे राहिल्या आणि पाहुण्यांसारख्या निघूनही गेल्या.

तर मालक कोण? हा प्रश्न मी एकदा डब्याच्या वेळी टेबलावर टाकला. आमचे कॅशियर मोटारवाले. ते भेंडी चावत म्हणाले, “त्यात प्रश्न कसला? टॅक्स आम्ही भरतो. रस्ता आमचा.”

क्लिअरिंगच्या बाई स्कूटरवरून येतात. त्या म्हणाल्या, “टॅक्स आम्हीही भरतो हो. पण तुमच्या एका मोटारीच्या जागेत आमच्या चार गाड्या बसतात. तो हिशेब कोण करणार?”

आमचा शिपाई सायकलवाला. तो पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाला, “साहेब, मी टॅक्स भरत नाही हे खरं. पण मी जागा पण घेत नाही, आवाज पण करत नाही, अन् धूर पण सोडत नाही. मला उलट व्याज द्यायला पाहिजे.”

कॅशियरसाहेबांच्या मुद्द्यात हिशेबाची एक गफलत आहे, ती इथेच नोंदवून ठेवतो. मोटारीचा कर जातो राज्य सरकारकडे. घरापुढचा रस्ता करते महापालिका, आणि तिच्या तिजोरीत घरपट्टी असते. घरपट्टी पायी चालणाराही भरतो. भाड्याने राहत असेल तर भाड्यातून भरतो. म्हणजे पावती हाच मालकीचा पुरावा धरला, तरी सातबाऱ्यावर सगळ्यांचंच नाव लावावं लागेल.

पण खरी गंमत डबा झाल्यावर झाली. कॅशियरसाहेब पान खायला समोर निघाले. पायी. आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून, येणाऱ्या मोटारीवर छत्री उगारून ओरडले, “अहो, माणसं दिसतात की नाही?” पाच मिनिटांपूर्वी ज्याचा रस्ता होता, तोच गृहस्थ आता त्याच रस्त्यावर निर्वासित झाला होता. मला वाटतं, नीतिशास्त्राच्या पंडितांनी या मुद्द्याचा विचार केलेला नाही. माणसाची नीतिमत्ता त्याच्या मनात असते असं ते म्हणतात. ती बुडाखाली असते. ज्या आसनावर बसाल, त्या आसनाची नीती. मोटारीतला ओरडतो, ‘हे स्कूटरवाले कुठूनही घुसतात.’ स्कूटरवाला ओरडतो, ‘हे पायी चालणारे बघत नाहीत.’ आणि पायी चालणारा मनात सगळ्यांचंच तळपट करतो. तिन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच दिवसातली असू शकतात.

इथे एक गुळगुळीत निष्कर्ष तयार असतो: सगळेच चुकतात, तेव्हा सगळ्यांनीच सुधारलं पाहिजे. हे वाक्य इतकं न्याय्य आहे की त्याचा कुणालाच उपयोग होत नाही. पायी चालणारे कुठेही रस्ता ओलांडतात हे खरं. सायकलवाले उलट्या बाजूने येतात, सिग्नल आपल्यासाठी नसतोच असं धरून चालतात, हेही खरं. पण खतावणी नुसत्या नोंदींनी पुरी होत नाही. कुठल्या नोंदीची रक्कम किती, हेही बघावं लागतं. पायी चालणारा चुकला तर मोटारीचा रंग जातो. मोटार चुकली तर पायी चालणारा जातो. या दोन रकमा समोरासमोर मांडून ‘हिशेब मिटला’ म्हणणारा कारकून आमच्याकडे तरी टिकणार नाही.

आमच्या शाखेत एक आजी पेन्शनला येत. वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी, हातात कापडी पिशवी, जीभ तिखट. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की त्या मला म्हणत, “अरे, कागद कशाला मागतोस? समोरचा रस्ता ओलांडून आले, तोच माझा हयातीचा दाखला!” त्या हात पुढे करून रस्ता ओलांडत. तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडे सगळी म्हातारी माणसं तशीच ओलांडतात. देवाच्या मूर्तीचा अभय देणारा हात असतो ना, तसाच दिसतो तो. फक्त देव अभय देतो, आणि ही माणसं मागत असतात.

एका नोव्हेंबरात, बँकेसमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर, एका मुलाच्या स्कूटरचा त्यांना धक्का लागला. मुलगा काही गुंड नव्हता. थांबला, त्यांना उचललं, रिक्षात घातलं, रडकुंडीला आला होता. “घाईत होतो हो काका,” एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. आजींचं खुब्याचं हाड मोडलं. त्या वाचल्या, पण पुन्हा रस्त्यावर आल्या नाहीत. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर देता येतो, त्यांचा मुलगा तो देतो. कागदोपत्री सगळं सुरळीत आहे. भाजीवाली, देऊळ, आमचं काउंटर आणि आमचा उद्धार करण्याचा त्यांचा हक्क, एवढ्याच गोष्टी त्यांच्या खात्यातून वजा झाल्या. आकडेवारीत अशी माणसं बहुधा ‘जखमी’ म्हणून येतात. धक्का न लागताच, नुसत्या भीतीने ज्यांनी रस्ता सोडला, ती तर कुठेच येत नाहीत.

त्या दिवसापासून ‘घाई’ या शब्दाचा मी जरा कारकुनी पद्धतीने विचार करतो आहे. समजा, पाच किलोमीटर जायचं आहे. ताशी चाळीसने गेलात तर साडेसात मिनिटं लागतात, पन्नासने गेलात तर सहा. निव्वळ नफा दीड मिनिट, तोही वाटेत सिग्नल लागला नाही तर. आता खर्चाची बाजू. वेग पंचवीस टक्क्यांनी वाढला, पण धडकेतला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभराचा सव्वाशे न होता एकशे छप्पन्न होतो. शंभर रुपये पंचवीस टक्के चक्रवाढीने दोन वर्षं ठेवले तर जेवढे होतात, बरोब्बर तेवढा! दीड मिनिटासाठी हे असलं कर्ज काढणाऱ्याला कुठलाही मॅनेजर केबिनमधून हाकलून देईल.

आणि या कर्जाला जामीनदार कोण? तर पट्ट्यांवर हात पुढे करून उभी असलेली आजी. कर्ज खात्यात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना जामीनदार या प्राण्याची दैना माहीत असते. पैसे दुसऱ्याने उचलायचे, खर्च दुसऱ्याने करायचे आणि नोटीस याच्या घरी यायची. पण आमच्या जामीनदाराने निदान एकदा तरी, चहा पिताना का होईना, स्वतःच्या हाताने सही केलेली असते. आजींना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मला वाटतं, रस्त्यावरच्या नीतीचा सगळा प्रश्न एवढ्यात सामावतो. स्वतःच्या जिवावर घाई करायची असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न; पण दुसऱ्याचा जीव त्याला न विचारता तारण ठेवायचा अधिकार कुणाला नाही. म्हणून जबाबदारी सारखी वाटायची नसते. ज्याच्या हातून जितकं नुकसान होऊ शकतं, तितका त्याचा हप्ता मोठा. ट्रकचा मोटारीपेक्षा, मोटारीचा स्कूटरपेक्षा, स्कूटरचा सायकलपेक्षा. आणि हो, आमच्या शिपायाचाही फुटपाथवरच्या आजोबांपेक्षा.

कायदाही याहून वेगळं सांगत नाही. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही, तिथे पट्ट्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, हे १९८९ च्या नियमांत होतं आणि २०१७ च्या नियमावलीतही आहे. नियम असे आहेत की वाचून डोळे भरून यावेत. फक्त ते वाचायला रस्त्यात थांबू नये.

आपल्याला हे जमतच नाही, असंही नाही. आषाढी वारीला निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात. त्या दिवशी शहरातले मोठमोठे रस्ते निव्वळ पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतात. मोटारी मुकाट्याने बाजूला उभ्या राहतात, कुणी हॉर्न वाजवत नाही, आणि एरवी पट्ट्यांवर म्हातारी दिसली की ‘ओ आजी, घरी बसा की’ म्हणणारे लोक, डोक्यावर तुळस घेतलेल्या तशाच म्हातारीला ‘माउली, पाणी घ्या’ म्हणत वाकून नमस्कार करतात. म्हातारी तीच, रस्ता तोच, आपणही तेच. फक्त त्या दिवशी मालकीबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

तेव्हा सर्च रिपोर्टात मी लिहून टाकलं आहे: सदर रस्ता कोणाच्याही बापाचा आढळून येत नाही. वहिवाट माउलीची आहे. बोजा मात्र आपल्या सगळ्यांच्या नावावर आहे.

कॅशियरसाहेबांना हा रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, म्हणाले, “पटलं बुवा,” आणि मोटारीची किल्ली उचलून निघाले. घाईत होते.