नाडीची वार्ता आधी कोणाला?

माणसाच्या शरीराची वार्ता प्रथम कोणाला कळावी, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना पडण्याचे कारण नव्हते. ज्याला दुखे तो कण्हे, ते घरात ऐकू जाई आणि कोणीतरी वैद्याला बोलावण्यासाठी उठे. गेल्या श्रावणात इब्रामपूरला माझ्या आत्याच्या घरी जो प्रसंग घडला, त्याने हा क्रम पार उलटा करून टाकला. तेव्हापासून तो विषय माझ्या मनातून जात नाही.

आत्या ब्याऐंशी वर्षांची. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा हैदराबादेत नोकरीला. पुढे पडवी, मागे कुळागर, अशा त्या जुन्या घरात ती एकटी राहते. पेडणे महालातील किती घरांची आज हीच स्थिती आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. चतुर्थीला सगळी दारे उघडतात आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा एकाच खोलीत दिवा राहतो. मुलाने अशाच एका चतुर्थीला येताना तिच्यासाठी स्मार्टवॉच आणले. माणूस स्वस्थ असताना नाडी मिनिटाला चाळिसाच्या खाली जाऊन दहा मिनिटे तशीच राहिली, तर हे घड्याळ मनगटावर थरथरते. तीच सूचना हैदराबादेत आपल्या फोनवरही उमटेल, अशी व्यवस्था मुलाने करून ठेवली होती.

रात्री दोनच्या सुमारास ती सूचना उमटली. आकडा अडतीस. आत्या गाढ झोपलेली; मनगटावरची थरथर तिला जाणवली नाही आणि तिचा फोन माजघरात. मुलाने चार वेळा फोन केला, मग शेजाऱ्याला उठवले. तो बिचारा भर पावसात विजेरी घेऊन साकव ओलांडून आला आणि दार ठोठावू लागला. दार उघडून आत्याने विचारले, "इतक्या रात्री? कोण गेलं?"

दुसऱ्या दिवशी कासारवर्णेच्या आरोग्य केंद्रात आणि मग म्हापशाला तपासणी झाली. हृदयाचा आलेख काढला. ठोके मंद होते, पण नियमित होते. रक्तदाबासाठी ती घेत असलेली गोळी हृदयाची गती आवरून धरणाऱ्या जातीची होती. वयोमानाने तेवढी मात्रा तिला जड जात होती. डॉक्टरांनी मात्रा उतरवली, आठवड्याभरात नाडी पन्नाशीच्या वर आली. म्हणजे घड्याळाने खोटे सांगितले नव्हते. तरीही आत्याने ते काढून पानाच्या डब्यात ठेवले. मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, मी मरत असेन तर ते आधी मला कळू दे. हैदराबादला आधी कळायचं काय कारण?"

हे वाक्य ऐकताच मी तिच्या बाजूचा झालो, हे कबूल केले पाहिजे.

घड्याळाला जे कळते ते नेमके काय असते, हे इथे पाहणे बरे. त्याच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेते, आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. ती कमीजास्ती म्हणजे घड्याळाची गणती. त्याला दिसते ती मनगटापर्यंत पोचलेली लाट. हृदय त्याला दिसत नाही. एखादा ठोका वेळेआधी पडला तर त्याची लाट इतकी दुबळी असते की ती मनगटाशी पोचतच नाही. मग हृदय सत्तर वेळा चालत असले तरी घड्याळ चाळीस मोजू शकते. साठाच्या खालच्या नाडीला वैद्यक मंद म्हणते खरे, पण कसलेल्या धावपटूची नाडी झोपेत चाळिसाखाली जाते आणि त्याला काहीही झालेले नसते. चक्कर येते का, दम लागतो का, शुद्ध हरपते का, हे विचारल्यावाचून त्या आकड्याला अर्थ येत नाही. आणि ते विचारायला कोणीतरी समोर असावे लागते.

आपल्याकडे नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत स्वतंत्रपणे विस्तारलेली नाही. ती ठसठशीतपणे दिसते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारच्या शार्ङ्गधरसंहितेत. नाडी जळूसारखी चालते की बेडकासारखी की हंसासारखी, याची वर्णने तिथे आहेत; अग्नी मंदावलेल्या आणि धातू क्षीण झालेल्या माणसाची नाडी अधिक मंद असते, हेही आहे. पुढे 1707 साली इंग्लंडात जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी मिनिटभर चालणारे घड्याळ करवून घेतले आणि हंस-बेडकांच्या जागी आकडा आला. पण शार्ङ्गधराचा वैद्य असो की फ्लॉयर, ज्याला नाडी कळे तो रोग्याच्या उशाशीच बसलेला असे. कळणारा आणि आलेला माणूस एकच. आजच्या घड्याळाने हे दोघे वेगळे केले. कळते एकाला, आणि जावे लागते दुसऱ्याला.

यात त्या मुलाचा काय दोष? 2023च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावर पहिले प्रवासी विमान उतरले ते हैदराबादेहूनच आलेले. इब्रामपूरच्या आकाशातून आता विमाने सर्रास जातात. तरीही पहाटे दोन वाजता त्याच्या हाती फोनच होता. 1958 सालच्या ऑक्टोबरात स्टॉकहोमला आर्ने लार्सन या माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला, तो त्याच्या पत्नीने शल्यविशारद सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवल्यामुळे. दिवसाकाठी वीस-तीस वेळा त्याचे हृदय थबकत होते आणि ती ते डोळ्यांनी पाहत होती. तो त्या दोघांच्याही मागे, 2001पर्यंत जगला. जिला कळत होते तीच पायांनी चालून गेली होती. सगळ्यांच्या नशिबी ते जवळ असणे नसते.

आत्याच्या बाजूचा मी फार काळ राहिलो नाही. पुढच्या खेपेला मी तिला पुन्हा छेडले, तेव्हा खरे कारण बाहेर आले. मरणाची वार्ता कोणाला आधी, हा तिचा मुद्दा होताच. पण तिला अधिक लागले होते ते शेजाऱ्याला भिजत यावे लागले याचे. "त्याला सकाळी बागेत उतरायचं असतं. त्याला कोणी विचारलं होतं का?" ती म्हणाली. माझे हृदय माझ्या मालकीचे, हा विचार मी तिच्या तोंडी घातला होता. जी बाई पन्नास वर्षे साकवापलीकडच्या घराच्या आधाराने राहिली, तिला असली मालकी सुचणारही नाही. तिची तक्रार एवढीच की तिच्या नाडीचे ओझे तिसऱ्याच्या खांद्यावर न विचारता टाकले गेले.

आणि मी तरी कोणाला विचारले आहे? दोन वर्षांमागे माझ्याही मनगटावर बेचाळीसचा आकडा आला होता. मी तो घरात सांगितला नाही. काळजी नको, असे स्वतःला समजावले. घरच्यांना काळजी पडू नये हे त्यातले अर्धे. उरलेले अर्धे असे की, सांगितले असते तर कोणीतरी माझ्यावर लक्ष ठेवू लागले असते, आणि ते मला नको होते. वार्ता लपवून मी स्वातंत्र्य राखले, पण उद्या मी न्हाणीघरात कोसळलो असतो तर मला उचलण्याचे काम त्यांनाच होते. हे स्वातंत्र्य त्यांच्या जिवावरचे होते. आता आलेख काढून घेतला आहे आणि पत्नीला सांगितलेही आहे. ती दोन दिवस बोलली नाही.

इब्रामपूरला चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा आला. पडवीत शेजारी, आत्या आणि मी बसलो होतो. मुलगा त्याला म्हणाला, "दादा, त्या रात्री तुम्हाला न विचारता उठवलं. यापुढे तसंच करावं लागेल. चालेल का?" शेजाऱ्याने लगेच हो म्हटले नाही. सुपारी कातरीत तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, की रात्री-अपरात्री यायला त्याची ना नाही. पण सहा वर्षांत त्या घरून त्याला आलेला तो पहिलाच फोन होता, आणि मधल्या दिवसांतही कधी आला तर बरे वाटेल.

आत्या उठली, पानाचा डबा घेऊन आली आणि घड्याळ मुलाच्या हाती देऊन तिने मनगट पुढे केले. पट्टा एक घर सैल ठेव, म्हणाली.