रानातली निश्चिंती आणि कुंडीतला कंद

डोंगरावरच्या प्रवचनात येशू लोकांना रानातली फुले दाखवतो. ती कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजाच्या वैभवालाही लाजवील असा त्यांचा साज. मग तुम्ही अन्नवस्त्राची चिंता कशाला करता, असा त्याचा सवाल आहे. ही फुले नेमकी कोणती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अनेकांचा कौल अ‍ॅनिमोनीला आहे. पण गालीलच्या टेकड्यांवर हिवाळ्याच्या मध्यापासून वसंतापर्यंत लाल फुलांची पाळीच लागते: अ‍ॅनिमोनी, ट्युलिप, रानखसखस, आणि त्यांच्याच सोबतीला रॅननक्युलस. आपल्याकडच्या रोपवाटिकांत ऑक्टोबरच्या सुमारास ज्याचे वाळके कंद विकायला येतात, ते हेच झाड, रॅननक्युलस एशियाटिकस; फक्त माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याच्या पाकळ्या वाढवलेल्या. ज्याने ते पुण्या-नाशकाच्या गॅलरीत एकदा तरी लावले असेल, त्याला या प्रवचनाबद्दल एक रास्त शंका यायला हवी. निश्चिंतीचा दाखला म्हणून जे फूल उभे केले जाते, तेच कुंडीत आले की मालकाची झोप उडवते. मग दाखला चुकला, की आपण तो चुकीच्या ठिकाणी लावतो आहोत?

आधी कुंडीतला प्रकार पाहू. कंद म्हणजे तपकिरी, आखडलेल्या नख्यांचा एक लहानसा जुडगा. हातात घेतला तर यात जीव असेल यावर विश्वास बसत नाही. डेलियाचा कंद इतका सुकला तर कामातून जातो. हा मात्र तीन-चार तास पाण्यात ठेवला की टम्म फुगतो. रात्रभर ठेवला तर मात्र कुजण्याची भीती. नख्या खाली करून दोन बोटे खोल लावायचा, माती भुसभुशीत आणि पाणी न धरणारी हवी, कोंब वर येईपर्यंत पाणी बेतानेच. रात्री गार असल्या तर साधारण तीन महिन्यांत फूल येते. लावायला दिवाळीनंतर फार उशीर केला तर फुलायच्या आतच मार्च उजाडतो, पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि झाड पाने पिवळी करून मातीत परत निघून जाते. अशा वेळी कळवळून जास्त पाणी घालणारा माणूस त्याला मारतो. आणि खरी कसोटी पुढे जूनमध्ये असते: कंद उकरून, सावलीत सुकवून, कागदी पिशवीत कोरड्या जागी ठेवला नसेल, तर आपला पाऊस त्याचा चिखल करून टाकतो.

आता हेच झाड गालीलमध्ये पाहा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. कंदाला जी सुकी झोप हवी ती ऋतूच देतो, जाग आणणारे पहिले पाणीही ऋतूच देतो. तिथे कोणी कागदी पिशवी आणत नाही. म्हणजे रानातल्या फुलाची निश्चिंती हा त्या फुलाच्या स्वभावातला गुण नव्हेच. झाड आणि जागा यांचे जे जमलेले असते, त्याचे ते नाव आहे. श्रद्धावान त्याला देवाची योजना म्हणेल, जीवशास्त्रज्ञ लाखो वर्षांची निवड म्हणेल. माझ्या मुद्द्याला दोन्ही चालते. याच कुळातली आपली मोरवेल सह्याद्रीत कुणाला न विचारता झाडाझुडपांवर चढते आणि पांढरी फुलते. तिचा कुणाला घोर नाही, कारण ती आपल्या जागी आहे. रॅननक्युलसला आपण त्याच्या जागेवरून उचलले. उचलले त्याच क्षणी, तिथे जो कोणी त्याचा योगक्षेम वाहत होता त्याची खुर्ची आपण घेतली. चिंता ही त्या खुर्चीबरोबर येते.

यावर कोणी म्हणेल, असे तर सगळ्याच पिकांचे आहे. गहूही आपल्या मायभूमीपासून दूर आलेला आहे. खरे आहे, आणि म्हणूनच तर शेतकऱ्याला निश्चिंत राहा असे सांगणे क्रूर वाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रवचनात काम सोडा असे म्हटलेलेच नाही, फक्त धास्ती सोडा म्हटले आहे. पाखरेसुद्धा दाणे शोधत हिंडतातच. हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो, आणि फुलही त्याला साक्ष देते. रानातले रॅननक्युलस काही आळशी नाही. पानांच्या थोड्या महिन्यांत ते पुढच्या साली पुरेल इतके पिष्ट कंदात भरून ठेवते. तो लाल साजही नुसता मिरवायचा नाही. काळसर मध्य असलेल्या लाल वाट्यांकडे तिथले भुंगेरे ओढले जातात आणि परागण होते. शलमोनाचा झगा दरबारी होता, हा कामावरचा पोशाख आहे. आपल्याकडे अरणच्या सावता माळ्याने हीच भूमिका जगून दाखवली: पंढरीची वारी न करता त्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, पण खुरपे खाली ठेवले नाही. मात्र ‘राबा पण धास्तावू नका’ हा सल्ला ज्याची जमीन, पाऊस आणि माणसे ओळखीची आहेत त्याला पेलतो. सावत्याचा मळा सावत्याच्या मुलखातच होता. परक्या हवेतल्या कंदावर राखण ठेवणाऱ्याला आधी सावधपणाच शिकावा लागतो, आणि सावधपणा व धास्ती यांच्यातली रेघ बाहेरून दिसते तितकी ठळक नसते.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो प्रवचनातच आहे. तिथेच म्हटले आहे की हे रानातले गवत आज आहे आणि उद्या भट्टीत जाणार आहे. म्हणजे देव फुलाला सजवतो, पण राखून ठेवण्याचे वचन देत नाही. रानात कितीतरी रोपे बी होण्याआधी शेळ्यांच्या पायाखाली जातात आणि तरी टेकडी पुढच्या वर्षी लाल होते. जात टिकते, अमुक एक झाड टिकेलच असे नाही. माळ्याला मात्र हाच कंद हवा असतो, मागच्या फेब्रुवारीत ज्याने ते केशरी फूल दिले तो. बहुतेक शहाणे लोक तसे करत नाहीत. उष्ण हवेत रॅननक्युलस एका मोसमाचे समजून फेकून देतात आणि पुढच्या ऑक्टोबरात नवे कंद आणतात. त्यांना दोष देता येत नाही. उलट प्रवचनाच्या जास्त जवळ तेच आहेत, असे म्हणावे लागते, मग त्यांनी ते कधी वाचलेले असो वा नसो. जो कंद उकरून, नख्यांमधली माती झाडून, पिशवीवर रंगाचे नाव लिहून ठेवतो, तो फुलाकडून काहीतरी वेगळे मागतो आहे. त्या मागणीला प्रेम म्हणायला माझी हरकत नाही. पण श्रद्धा म्हणण्याआधी त्याने पावसाळ्यात ती पिशवी किती वेळा उघडून पाहिली, हे त्याला विचारायला हवे.