पाने कुणासाठी?



फुलपाखरू आपल्याला आवडते, अळी आवडत नाही. पण अळीवाचून फुलपाखरू होत नाही, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणातल्या लिंबूच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले. पुसायला गेलो तर ते हलले. काही दिवसांत त्या हिरव्यागार अळ्या झाल्या. एकीला काडी लावली, तर तिने डोक्यामागून केशरी शिंगे काढून उग्र वास सोडला. कोवळी पाने संपत चालली होती. मी फवारणीची बाटली हातात घेतली आणि थांबलो.

दारात आपण झेंडू लावतो. त्यातला मध मोठ्या फुलपाखरासाठी असतो. पिल्लांसाठी मात्र ठरावीकच झाड लागते. लिंबू फुलपाखराची मादी पुढच्या पायांनी पान चाचपून ओळखते आणि लिंबू, संत्रा, गोडलिंब, बेल अशाच झाडांवर अंडी घालते. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या ‘ब्लू मॉर्मन’ची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. झेंडू लावून लिंबूवर औषध मारणे म्हणजे पाहुण्याला जेवू घालून त्याच्या लेकरांना हाकलणे.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराची गोष्ट वेगळी आहे. हीच अळी कोवळी कलमे ओरबाडून टाकते आणि त्याचे घर त्या कलमांवर चालायचे असते. त्याने ती वेचून काढली तर त्याला दोष देता येणार नाही. पण आपल्या अंगणातल्या एका झाडावर कोणाचे पोट आहे? तिथे आपण गरजेपोटी नव्हे, झाड नीटनेटके दिसावे म्हणून मारतो. गरज आणि हौस यांतला हा फरक प्रत्येकाने आपल्याशीच तपासायचा आहे.

मी बाटली ठेवून दिली. पुढे एके सकाळी अळ्या दिसेनाशा झाल्या. त्या कोशात गेल्या की बुलबुलाने नेल्या, कळले नाही. फुलपाखरू काही मी पाहिले नाही. थोडी हुरहुर वाटली. मग मनात आले, फळ आपल्याच डोळ्यांनी पाहायला मिळावे, या अटीवर दिलेले दान ते कसले?

रोपाला पुन्हा पालवी फुटली आहे. शेजारी यंदा एक गोडलिंबही लावला आहे. फोडणीला थोडी पाने आमची, बाकीची ज्याची त्याला.