बसून खाण्याचा दर

वसई तालुका मूळचा मासेखाऊ. किनाऱ्यावरचे कोळी, बागाईतदार वाडवळ, कुपारी ख्रिस्ती, खाडीकडचे आगरी, सगळ्यांच्या ताटात ओलं नाहीतर सुकं काहीतरी लागतंच. नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात नंतर राहायला आलेले मालवण-रत्नागिरीकडचे लोकही त्याच पंथाचे. तरीही आचोळे रोडवरच्या कुठल्याही 'प्युअर व्हेज' पाटीच्या साउथ इंडियन हॉटेलात रविवारी संध्याकाळी डोकावून पाहा, अर्धीअधिक टेबलं याच मंडळींनी अडवलेली असतात. बांगडा घरी आणि डोसा बाहेर, अशी वाटणी झालेली आहे. शाकाहारी हॉटेल शाकाहारी माणसांच्या जिवावर चालतं, हा समज निदान या पट्ट्यात तरी खरा नाही.

गंमत पुढे आहे. गल्ल्यावर बसलेला मालक बहुधा शेट्टी असतो, म्हणजे दक्षिण कन्नडचा किंवा उडुपीकडचा तुळू बोलणारा बंट. त्याच्या घरी सणासुदीला काय होतं? कोरी रोटी. तांदळाच्या कडक, पापडासारख्या रोट्यांवर ओतलेला नारळाचा कोंबडीरस्सा. तेव्हा विकणारा मांसाहारी, गिऱ्हाईक मांसाहारी आणि मधल्या टेबलावर इडली-सांबार! एवढ्या सगळ्यांना ती इडली कशासाठी हवी असते?

स्वस्त असते, हे उत्तर अर्धंच आहे. वडापाव त्याहून स्वस्त, आणि तो तर दारोदार मिळतो. मला वाटतं, इडली-डोसा इथे चालतो तो कुणाच्याच आजीचा नाही म्हणून. माशाचं कालवण बाहेर खाल्लं की प्रत्येकाला आईच्या हातचं आठवतं आणि हॉटेलवाला नापास होतो. डोशाच्या बाबतीत आचोळ्यात कुणालाच तशी फूटपट्टी लावता येत नाही. मालवणचा, जौनपूरचा, राजकोटचा आणि पालीकडचा मारवाडी एका टेबलावर बसले, तर त्यातला कुणीच यजमान नसतो आणि पाहुणाही नसतो. सांबार मुंबईकडे गोडसर करतात, ते खऱ्या तमिळ माणसाला पटत नाही. पण तो इथे तक्रार करायला क्वचितच असतो.

ही तटस्थता आयती मिळालेली नाही. उडुपीच्या कृष्णमठाचा संप्रदाय तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांचा. आठ मठ, आळीपाळीने पूजेचा मान आणि त्याभोवती वाढलेलं देवळाचं स्वयंपाकघर, सोवळ्यातलं, पंक्तीच्या नियमांनी बांधलेलं. तिथले ब्राह्मण आचारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर पडले. के. कृष्णराव मद्रासला गेले आणि १९३८ साली त्यांनी वुडलँड्स काढलं. ए. रामा नायक मुंबईत आले आणि १९४२ साली माटुंग्याला त्यांनी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. तेव्हा गिऱ्हाइकाला हमी होती ती आचाऱ्याच्या जातीची. हॉटेलच्या नावातच 'ब्राह्मण' लिहायची पद्धत होती. मद्रासमध्ये १९५७ साली मुरली कॅफेच्या पाटीवरचा तो शब्द काढायला लावण्यासाठी पेरियारांच्या माणसांनी रोज सत्याग्रह केला. हॉटेलांतला हा भेद राज्यघटना लिहिणाऱ्यांना त्याच्या आधीच ठाऊक होता. म्हणून तर पंधराव्या कलमात भेदभाव कुठे कुठे करता येणार नाही हे सांगताना विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकानं आणि उपाहारगृहं मुद्दाम नाव घेऊन लिहिली गेली. १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणं गुन्हा ठरवलं.

म्हणजे ज्या स्वयंपाकाचा पायाच 'कुणी कुणाबरोबर जेवायचं नाही' हा होता, तोच स्वयंपाक पन्नासेक वर्षांत मुंबईतली सर्वांत उघडी पंगत होऊन बसला. कायद्याचा त्यात हात आहे, पण रोजचं काम रोख पैशाने केलं. टेबल रिकामं ठेवणं परवडत नाही, म्हणून अनोळखी माणसाच्या समोर अनोळखी माणूस बसवला जातो. 'इथे कोणी आहे का?' एवढंच विचारायचं आणि बसायचं. आडनाव कुणी विचारत नाही. समतेची ही सगळ्यात कमी भाषणं झालेली शाळा असावी.

'शुद्ध शाकाहारी' या शब्दांत मात्र जुना वास अजून आहे, हेही बोललं पाहिजे. शुद्ध म्हटलं की बाकीचं काय ठरतं? त्याच पाटीवर बोट ठेवून मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या मुंबईत आहेत. हॉटेलच्या दारावर ती पाटी सगळ्यांना आत घेते आणि सोसायटीच्या फाटकावर तीच काहींना बाहेर ठेवते.

आपल्याकडे याआधी खानावळ होती. गिरणगावात घाटावरचे, मालवणातले, सगळ्यांचे आपापल्या मुलखाच्या बायकांकडे डबे लागलेले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी. खानावळीबद्दल मराठीत गळा काढून लिहिलं जातं आणि ते रास्तही आहे. पण खानावळीत तुम्हाला जेवू घालायचं ते तुम्ही कुणाचे कोण हे माहीत असल्यामुळे. महिन्याचं उधार चालायचं, कारण तुमचा गाव, तुमची खोली, तुमचं खातं ठाऊक असायचं. पैसे चुकले तर दुसऱ्याच दिवशी सगळ्या चाळीला कळायचं. उडुपी हॉटेलात ओळख लागत नाही, पत्ताही लागत नाही. मला हा करार त्या मायेपेक्षा अधिक आवडतो, असं म्हटलं तर जुनी मंडळी रागावतील, पण आवडतो खरा.

आचोळ्यासारख्या ठिकाणी पत्ता न लागणं ही बारीक गोष्ट नाही. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती, तेव्हा महापालिका होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. माणसं येत होती ती त्याच्या कितीतरी आधीपासून. १९८२चा गिरणी संप मोडला आणि लालबाग-परळमधली कितीतरी घरं विरार लाइनीला सरकली. उत्तरेकडून आलेल्यांना याहून स्वस्त खोली मुंबईच्या आसपास कुठे मिळत नव्हती. याच आचोळ्यात अग्रवालनगरी भागातल्या ४१ बेकायदा इमारती २०२४च्या अखेरीला आणि २०२५च्या सुरुवातीला कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. कर्ज काढून खोली घेतलेल्या माणसाला ती पडल्यावर उधारीची खानावळ कोण देणार? डोसा मात्र त्या दिवशीही त्याच दरात मिळतो.

मुंबईत १९६६ साली शिवसेना निघाली आणि 'लुंगी हटाव'च्या घोषणांत उडुपी हॉटेलांच्या काचा फुटल्या. राग होता नोकऱ्यांचा, दगड पडले सांबाराच्या पातेल्यावर. त्या गिरणगावातल्या घरांची तिसरी पिढी आज आचोळ्यात मुलाचा दहावीचा निकाल लागला की म्हैसूर मसाला मागवते. शेट्टीनेही मधल्या काळात तडजोडी केल्या आहेत. मेनूकार्डावर मिसळ आली, चतुर्थीला साबुदाणा वडा आला, मग पावभाजी, मग शेजवान डोसा नावाचं एक प्रकरण. शेजवान डोसा मी सहसा मागवत नाही. पण तो आहे म्हणून कॉलेजची पोरं येतात आणि त्यांच्यामुळे माझी साधी इडली आवाक्यात राहते, हे मला कळतं.

आवाक्यात राहण्याचं गणित पाहण्यासारखं आहे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. रात्री दळून ठेवलेलं पीठ आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत फुगून भांड्याच्या कडेला येतं, आणि ही वाढ फुकटची. त्याच पिठाची इडली, जरा सैल केलं की डोसा, जाड घातलं की उत्तप्पा. सांबार एकच, ते दहा पदार्थांबरोबर जातं. उरलेल्या इडल्यांची दुपारी फोडणी देऊन इडली फ्राय. तवा कायम तापलेला. आचारी त्यावर पाण्याचा हबका मारतो, झाडूने सपासप पुसतो, वाटीने पीठ पसरतो, आणि एका वेळी चार-पाच डोसे लांबट होऊन सुटतात. १९ किलोच्या सिलिंडरचा एक थेंबही रिकाम्या तव्यावर जाऊ द्यायचा नाही, अशी ती लगबग. ऑर्डर दिल्यापासून पाचसात मिनिटांत बशी समोर. बिल बडीशेपेच्या वाटीत, त्यावर ५ टक्के जीएसटी. पोऱ्या फडका घेऊन शेजारी उभाच असतो. हे जेवण स्वस्त आहे कारण तुम्ही लवकर उठणार, हे त्या दरात गृहीत धरलेलं आहे.

आणि पोऱ्याही त्याच दरात धरलेला आहे. पूर्वी तुळूनाडातून दहाबारा वर्षांची मुलं येत, दिवसभर कपबशा विसळत आणि रात्री फोर्टातल्या कन्नड रात्रशाळांत बसत. त्यातली काही पुढे मालक झाली. १९७४ साली कर्नाटकात कुळकायद्याची दुरुस्ती झाली आणि जमीन गेलेल्या बंट घरांतून आणखी माणसं इकडे आली. बशा विसळण्यापासून मालकीपर्यंतची ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण रात्रशाळेत डुलक्या काढून नापास झालेल्यांचं चरित्र कोण लिहिणार? १४ वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी. आता ओडिशा, झारखंड, नेपाळकडची तरणी पोरं असतात. मालकाचा मुलगा इंजिनियर होऊन बाहेर गेलेला. दुपारी गर्दी ओसरली की ही पोरं मागच्या मोरीजवळ भाताचं ताट हातात घेऊन उभ्या उभ्या जेवतात. इतक्या खुर्च्या रिकाम्या असतात, पण त्यांच्यावर बसायचं नाही हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसेल. अनोळखी माणसांच्या या खुल्या पंगतीत एक पंक्तिभेद असा शिल्लक आहे, आणि दहा रुपयांनी दर वाढला की कटकट करणारे आपण सगळे त्यात भागीदार आहोत.

संध्याकाळच्या वेळी एक गिऱ्हाईक नेमाने दिसतं. चाळिशीची बाई, खांद्याला ऑफिसची बॅग, पायाशी भाजीची पिशवी. एकटीच. साधा डोसा आणि कॉफी. फोन बाजूला ठेवून ती चटणी पहिल्यांदा संपवते, पुन्हा मागते, सावकाश खाते. घरी जाऊन तिला चार माणसांचा स्वयंपाक करायचाच आहे, हे पिशवीतल्या मेथीवरून कळतं. अशा बाया आता बऱ्याच दिसतात. तिच्या आईला बाहेर एकटीने बसून खाणं बहुतेक जमलं नसतं. 'फॅमिली रूम'मध्ये जायला तरी सोबत फॅमिली लागायची. कुणी तिच्याकडे वळून बघत नाही. त्या वीस मिनिटांत तिला कुणी काही वाढायला सांगत नाही आणि तिला कुणी वाढतं, हे दोन्ही थोडक्या रुपयांत होतं.

जागेची भाडी वाढली तशी आता खुर्चीवरच गदा येऊ लागली आहे. बंगळुरूत १९८३ साली जयनगरला कॅफे दर्शिनी निघालं आणि उभ्याने खायच्या हॉटेलांची तिथे रीतच पडली. खर्च कमी, गर्दी दुप्पट, दर खाली. मुंबईतही तसे काउंटर दिसू लागलेत. शिवाय ॲपवाल्यांच्या पिशव्या आहेतच. आचोळे रोडवर हॉटेलाच्या दाराशी डिलिव्हरीच्या मोटारसायकली लागतात आणि कुरकुरीत डोसा वाफेने मऊ पडून घरी पोचतो. हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर मालकाने खुर्च्या काढाव्यात हेच बरोबर. तरी नालासोपाऱ्यात हे चटकन जमेल असं मला वाटत नाही. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर, आणि इथे उतरणारा माणूस त्यातला बहुतेक प्रवास एका पायावर करून आलेला असतो. त्याला उभ्याने खायला सांगायचं, तर इडली फुकटच द्यावी लागेल.